माठाखालच्या वाळूतलं यीस्ट

आमचं लग्न झालं ते १९९९ साली. बायको तेव्हा गोंदियाच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची नवीकोरी लेक्चरर होती, आणि मी तिरोड्याकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. ती दिसत नाही ते शिकवायची, मी दिसतं तेही पोरांच्या डोक्यात घालू शकत नव्हतो. पुढं दोन-तीन वर्षांनी तिनं पीएच.डी.साठी नागपूरला नाव नोंदवलं आणि आमच्या घरात यीस्ट शिरलं.

यीस्ट म्हणजे बेकरीवाले मैद्यात टाकतात ते, एवढंच मला ठाऊक होतं. तिनं पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी जांभई दिली आणि तिनं ती पाहिली. एका पेशीचा जीव, ती म्हणाली. एकच पेशी खाते, श्वास घेते, अंगावर कोंब काढते, कोंब मोठा झाला की तो सुटून वेगळा होतो. एवढाच संसार. पण या एका पेशीला ताप सोसावा लागतो, उपास घडतो, आणि ती त्यातून कशी निभावते हे पाहण्यात माणसाचं आयुष्य जाऊ शकतं. मला तेव्हा वाटलं, जाऊ शकतं म्हणजे काय, आमचं जाणारच आहे.

तिचं यीस्ट बेकरीतलं नव्हतं. सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवर, मोहफुलं वेचणाऱ्या एका कुटुंबाकडून तिनं टोपलीभर शिळी फुलं आणली होती. त्यातून तिनं ते वेगळं केलं. मोहाचं नाव ऐकताच आईचे कान टवकारले. आई बोदलकस्याजवळच्या आमच्या गावाहून लग्नानंतर आमच्याकडे राहायला आलेली. घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जायचं, आणि पाचवं शील म्हणताना आईचा आवाज जरा चढायचा, कारण गावातली दारू तिनं फार जवळून पाहिली होती. तिनं सुनेला सरळ विचारलं, याची दारू होते का. बायको म्हणाली, होते आई, पण मी होऊ देणार नाही. आईनं तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि विषय संपवला. माझ्या शब्दावर तिनं आयुष्यात कधी इतक्या पटकन विश्वास ठेवला नाही.

उलट आई त्या कामात शिरलीच. झालं असं, की उन्हाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नसायचं. बायको वापरलेल्या काचनळ्या पिशवीत भरून घरी आणायची आणि आमच्या विहिरीवर धुवायची. नळीत खाली जेलीसारखा थर असतो, त्याच्यावर यीस्टची मलईसारखी रेघ उगवलेली. तो थर काही केल्या निघत नाही. आईनं दोन दिवस ही झटापट पाहिली आणि नळ्या हातातून काढून घेतल्या. आधी उन्हात ठेवायच्या म्हणजे थर सुकून काठ सोडतो, मग आधणाचं पाणी ओतायचं, मग राख आणि ब्रश. नळी उजेडात धरली तर आरपार आभाळ दिसलं पाहिजे, हा तिचा हिशेब. बायकोच्या प्रयोगशाळेत त्यानंतर कधी डाग असलेली नळी नव्हती. कॉलेजातला शिपाई म्हणायचा, मॅडम, धुलाई कहाँ करवाते हो.

आता बायकोचं खरं काम सांगतो. मराठीच्या मास्तरला कळलं, तर कोणालाही कळेल.

यीस्टला तिसेक अंश बरे वाटतात. त्याहून ताप फार वाढला की पेशीच्या आतली प्रथिनं चुरगळायला लागतात. मग पेशी वाढणं थांबवते. कोंब काढत नाही, पसारा घालत नाही. चुरगळलेल्यांना सावरणारी वेगळी प्रथिनं तयार करते आणि आत एक खास साखर साठवते, तिनं आतला ऐवज जागच्या जागी राहतो. थोडा ताप आधी सोसलेली पेशी मग मोठा तापही सोसते. पण थंडाव्यात राहिल्यावर तिच्या नातवंडा-पतवंडांना हे काही आठवत नाही. ती पुन्हा आपली नाजूकच निघतात. याला बायको म्हणायची, हे नुसतं सोसणं झालं.

तिला पाहायचं होतं ते बदलणं. कधीतरी एखाद्या पेशीच्या जनुकांतच फरक पडतो आणि तो फरक तिच्या लेकरांकडे जातो, थंडाव्यात कितीही पिढ्या काढल्या तरी जात नाही. अशी पेशी शोधायला बायकोनं सलग दोन उन्हाळे आपलं यीस्ट थोडं थोडं जास्त तापवत नेलं. जगतील ते पुढच्या नळीत, पुन्हा थोडा ताप, पुन्हा जगतील ते पुढं. शेवटी तिच्या हाती असं वाण आलं, की ज्या तापात मूळचं यीस्ट मरून जायचं त्या तापात हे आरामात कोंब काढायचं. तिचा पीएच.डी.चा सगळा प्रबंध या एका वाणावर उभा होता. नागपूरच्या तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं की मुदत एकदा वाढवून झाली आहे, आता वाढायची नाही. येत्या दिवाळीपर्यंत शेवटचे प्रयोग करून प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. मे महिन्यात दुपारी वीज गेली की रात्री येते की उद्या, हे महावितरणालाही सांगता यायचं नाही. कॉलेजचा फ्रिज एका दुपारी गेला तो गेलाच. मूळचं मोहाचं यीस्ट नागपूरला सुरक्षित होतं, पण हे तापाचं वाण फक्त आमच्याकडे. बायकोला पेपर तपासायला नागपूरला जायचंच होतं, तेव्हा ते घेऊन जाता आलं असतं. पण ताप सोसणारं असलं तरी साठवायचं वाण थंडच ठेवावं लागतं, एसटीत मे महिन्याच्या उन्हात एवढा प्रवास नको, म्हणून तिनं ते नेलं नाही. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे आमच्या माठाखालची ओली वाळू. तिनं कापसाची बुचं लावलेल्या नळ्या त्या वाळूत गळ्यापर्यंत रोवल्या, मला बघायला सांगितलं, आणि ती गेली. मी बघत होतो. वाळू ओली आहे की नाही, ते.

ती परत येणार होती त्याच्या दुसऱ्या दिवशी बुद्धजयंती. आमच्याकडे आदल्या दिवशी घर धुऊन काढतात. मी शाळेत निकालाच्या कामाला गेलो होतो. आईनं माठ उतरवला, जुनी वाळू काढली, नवी भरायला घेतली, आणि तिला त्या नळ्या सापडल्या. तिच्या दृष्टीनं त्या वेगळ्या नव्हत्या. इतकी वर्षं सून धुवायला आणायची त्याच नळ्या, तीच मलईची रेघ, तोच आंबूस वास. जाता जाता धुवायच्या राहून गेल्या असतील, उद्या वंदनेला माणसं येतील, सुनेची लाज नको, असं तिला वाटलं. तिनं त्या धुतल्या.

मी घरी आलो तेव्हा ओसरीवर नळ्या उलट्या घालून ठेवलेल्या होत्या, आणि मावळतीचं ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. मला एवढंच वाटलं, की आईचा हात काय साफ आहे. मी हातपाय धुतले, चहा मागितला. तेवढ्यात नागपूरहून बायको आली. तिनं ओसरीवर पाऊल ठेवलं, नळ्या पाहिल्या आणि पायरीवर बसली. मग तिनं हळूच विचारलं, आई, वाळूतल्या कुठं आहेत. आईनं अभिमानानं सांगितलं, "साऱ्या धुतल्या. उद्या लोकं येतीन, कायले वास मारत ठेवाव्या?"

बायको म्हणाली, "छान धुतल्या आई."

मी तापट माणूस आहे. वर्गात माझा खडू पोरांच्या कानाजवळून जातो. आत आल्यावर तिनं मला काय झालं ते सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठलो, आईशी बोलायला म्हणून. तिनं माझा शर्ट मागून धरला.

"थांबा. काही उरलं का ते पाहू द्या. जगलं तर मीच सांगीन त्यांना. नाही जगलं, तर आईंना हे कधीच कळायला नको."

आणि उरलं होतं. आईच म्हणाली, न्हाणीच्या टिनावर वड्यांच्या बाजूला वाळूतल्याच दोन-चार नळ्या, थर सुटला नाही म्हणून, अजून सुकायला ठेवल्या आहेत, वड्या आणशील तर त्याही आण, धुऊन टाकते. मी शिडी लावून चढलो. दिवस मावळला होता तरी टिनानं तळहात पोळला. मुगाच्या वड्या दगडासारख्या झालेल्या, आणि त्यांच्या मागं त्या नळ्या आडव्या पडलेल्या. आतला थर आक्रसून काठ सोडून बसला होता, मलईची रेघ वाळून पापुद्रा झाली होती. मी त्या दुपट्ट्यात गुंडाळून उतरवल्या आणि आईला वड्याच दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको कॉलेजात गेली, त्या पापुद्र्यातून कणभर कणभर घेऊन जेलीचा थर ओतलेल्या नव्या काचेच्या थाळ्यांवर रेघांनी ओढलं, आणि वंदनेच्या आत घरी आली. पांढरी साडी नेसली. घरभर माणसं जमली होती. तिनं सगळ्यांना खीर वाढली, हसून वाढली, आणि शेजारच्या भाभीजींनी नळ्या कशाच्या म्हणून विचारलं तर म्हणाली, आमच्या आई धुतात, म्हणून इतक्या चमकतात. मी कोपऱ्यात बसून तिच्याकडे पाहत होतो. इतका धीर मी कोणात पाहिला नव्हता आणि तो माझ्याच घरात वावरत होता, हे मला त्या दिवशी कळलं.

थाळ्या उगवायला मे महिन्यात गोंदियात वेगळं यंत्र लागत नाही, खोलीच पुरते. चार-पाच दिवसांनी तिनं मला कॉलेजात नेऊन दाखवल्या. बऱ्याच थाळ्या कोऱ्या होत्या. काहींवर मात्र ठिपके उगवले होते, एकेक ठिपका म्हणजे एकेका जगलेल्या पेशीचं गोत. मी आनंदानं बोललो की जगलं ना. ती म्हणाली, कोण जगलं ते अजून कळायचं आहे.

ठिपके दोन तऱ्हेचे होते, थोडे मोठे आणि खूप बारीक. बारीक का, तर मोठ्या तापात पेशीची चूलच विझते. पेशीच्या आत श्वास घेऊन ऊर्जा तयार करणारा एक भाग असतो, त्याला ती माझ्यासाठी चूल म्हणायची. त्या भागाला स्वतःची जनुकं असतात. ती बिघडली की चूल पुन्हा पेटत नाही. पण पेशी मरत नाही. चूल नसलेलं घर फुटाण्यांवर दिवस काढतं, तशी ती नुसत्या साखरेवर जगते. मोठी होत नाही, पण जगते. तिचे सगळे वंशज तसेच बारीक. हे सांगताना बायकोचं स्वतःचं संकट बाजूलाच राहिलं. ती थाळी तिरकी धरून त्या बारीक ठिपक्यांकडे बघत म्हणाली, काय चिवट आहेत हो. दोन उन्हाळ्यांची मेहनत पणाला लागलेली, आणि बाई त्यांचं कौतुक करत होती.

पण तिच्या कामाला ते बारीक चालणार नव्हते. मोठ्यांतही सरळ नव्हतं. ते तिच्या वाणाचेच की नळीत शिरलेल्या भलत्याच यीस्टचे, हे ठाऊक नव्हतं; टिनावरच्या उन्हात त्यांनी नुसतं सोसलं असेल, तर थंडाव्यात दोन दिवस काढले की ते विसरून जातील. तेव्हा दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्या होत्या. चूल शाबूत आहे का, म्हणून साखर काढून त्यांना ग्लिसरीनवर ठेवायचं, जिथं चूल नसलेला जगूच शकत नाही. आणि जुना बदल अंगात टिकला आहे का, म्हणून थंडाव्यात पिढ्यांमागून पिढ्या काढायच्या आणि मग अचानक तापात टाकायचं. यात जून गेला. वीज जायची, प्रयोग अर्धवट व्हायचा, ती पुन्हा सुरुवात करायची. नागपूरच्या सरांचा फोन यायचा, ती सांगायची, चालू आहे सर. घरी येऊन पोळ्या लाटायची. मी विचारायचो, काय झालं. ती म्हणायची, अजून कळलं नाही.

मधल्या काळात ती धुवायच्या नळ्या घरी आणेनाशी झाली. पावसानं कॉलेजच्या नळाला पाणी आलं होतं, हे खरं कारण होतंच. पण आईला ते कसं कळणार. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास एका संध्याकाळी तिनं सुनेला गाठलंच.

"काऊन व पोरी, नळ्या आणत नाही आता? माझं धुणं पसंत नाई पडलं का तुले?"

बायकोनं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, तसं काही नाही आई, कामच कमी होतं. आणि दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर घाण नळ्या घेऊन आली. कॉलेजात नळ धो धो वाहत असताना. आईनं पदर खोचला आणि आधण ठेवलं. मी बायकोला विचारलं, छातीत धडधडत नाही का तुझ्या. ती म्हणाली, धडधडतं, पण या खरंच धुवायच्या आहेत.

मग जुलैतला एक रविवार. आभाळ भरलेलं, पण पाऊस थांबलेला. ती सकाळीच कॉलेजात गेली होती. दुपारी फोन आला, आईंना घेऊन या. एवढंच. तिच्या आवाजावरून काही कळेना. तिच्या आवाजावरून कधीच काही कळायचं नाही. मी आईला स्कूटरवर बसवलं. कॉलेजात जायचं म्हणून तिनं पांढरं लुगडं नेसलं.

प्रयोगशाळेत टेबलावर दोन थाळ्या होत्या. दोन्हींना सारखाच ताप दिलेला. मूळच्या यीस्टची थाळी कोरी. दुसरी टिनावरच्या एका नळीतून आलेली, ठसठशीत मोठ्या ठिपक्यांनी भरलेली. थंडाव्यात काढलेल्या पिढ्यांनंतरही ते काही विसरले नव्हते. ग्लिसरीनवरही उगवले होते. तिचं वाण जिवंत होतं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

बायकोनं आईला स्टुलावर बसवलं, स्वतः समोर बसली आणि सगळं सांगितलं. वाळूतल्या नळ्या कशाच्या होत्या, धुतल्यावर काय गेलं, टिनावर काय राहिलं, दोन महिने काय केलं, आणि आज काय मिळालं. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. आईचा चेहरा उतरत गेला. शेवटचं चांगलं वाक्य तिच्या कानात शिरलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती आपल्या हातांकडे पाहत बसली.

"मले तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं आई. आता आहे. या इकडं."

तिनं सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढला, खालचा आरसा आभाळाकडे वळवला आणि आईला एक डोळा मिटून बघायला लावलं. आईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम ती थबकली. निळे आहेत ना हे, ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. निळा म्हणजे आमचा रंग. आमच्या झेंड्याचा, आमच्या गल्लीतल्या पताकांचा. तिला वाटलं, सुनेनं मुद्दाम दाखवला. बायकोला सांगावं लागलं, की पेशी ओळखायला तो रंग टाकतात. जिवंत पेशी त्याला आत टिकू देत नाही, ती कोरी दिसते. निळ्या दिसतात त्या मेलेल्या.

आईनं डोळा काढला. मेलेल्याले निळा कायले देता, असं ती थोडं रागानंच म्हणाली. मग तिला दुसरंच काही सुचलं आणि तिचा आवाज खाली आला.

"हे निळे मी मारले का?"

"नाही आई. हे त्यांच्या वयानं मेले. तुमच्या हातून वाचले ते हे कोरे. त्यांचीच लेकरं."

मग बायकोनं रंग न टाकलेली दुसरी काच ठेवली. आई पुन्हा वाकली. एकाच्या अंगाला कोंब आला आहे म्हणाली. बायको म्हणाली, लेकरू होतंय त्याला. सुटायला किती वेळ लागतो, आईनं विचारलं. दीड-दोन तास तरी.

बाहेर पावसाचे थेंब सुरू झाले होते. मी म्हटलं, आई, चल, स्कूटरवर भिजशील. तिनं डोळा काही काढला नाही.

"तू जाय. मी बसतो. एवढे मारले, एक तं जलमताना पाहू दे."

बायकोनं काचेवरचा थेंब वाळू नये म्हणून कडेनं व्हॅसलीन लावलं, आणि दुसरं स्टूल ओढून तिच्याजवळ बसली.